बेट्टी उबेर

एलिझाबेथ ऊर्फ बेट्टी उबेर (माहेरचे आडनाव कॉर्बिन; २ जून, १९०६ – ३० एप्रिल, १९८३) या इंग्लंडच्या बॅडमिंटनपटू होत्या. महिला दुहेरी आणि मिश्र दुहेरी हे त्यांचे प्रमुख खेळप्रकार होत. ऑल इंग्लंड स्पर्धेत त्यांनी एकूण १३ विजेतेपदे मिळवली. त्यांपैकी १२ दुहेरीतील होती. महिलांच्या जागतिक सांघिक स्पर्धेचा उबेर चषक त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

पार्श्वभूमी

बॅडमिंटनचे आरंभीचे नियम १८७३ च्या सुमारास पुण्यातील ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांनी तयार केले. त्यामुळे हा खेळ काही काळ 'पूना' या नावानेही ओळखला जात असे. पुढे तो इंग्लंडमध्ये रुजला आणि १८९३ मध्ये तेथे बॅडमिंटन संघटना स्थापन झाली. १८९९ मध्ये सुरू झालेल्या ऑल इंग्लंड स्पर्धेत पहिल्या वर्षी पुरुष, महिला व मिश्र अशा केवळ दुहेरीच्याच लढती होत्या; एकेरीचा समावेश दुसऱ्या वर्षी झाला. अधिकृत जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९७७ मध्ये सुरू होईपर्यंत ऑल इंग्लंडचे विजेतेपद हाच या खेळातील सर्वोच्च वैयक्तिक मान समजला जात असे.

कारकीर्द

उबेर यांनी १९२६ ते १९५१ या काळात इंग्लंडचे प्रतिनिधित्व केले. त्यांचे पती हर्बर्ट उबेर हेही बॅडमिंटनपटू होते. या दांपत्याने १९३०, १९३१ आणि १९३२ अशी सलग तीन वर्षे ऑल इंग्लंडच्या मिश्र दुहेरीचे विजेतेपद पटकावले. त्यानंतर डोनाल्ड ह्यूम यांच्या साथीने त्यांनी १९३३ ते १९३६ या चारही वर्षी ते राखले. १९३८ मध्ये बिल व्हाइट यांच्यासह त्यांनी हे विजेतेपद आठव्यांदा मिळवले. तीन वेगवेगळ्या जोडीदारांसह मिळालेले हे यश त्यांच्या कारकिर्दीचे वैशिष्ट्य मानावे लागेल. कारण दुहेरीत जोडीदार बदलला की मैदानावरील जागांची वाटणी आणि परस्परांचा अंदाज या गोष्टी नव्याने जुळवाव्या लागतात.

महिला दुहेरीत त्यांनी १९३१ मध्ये मॅरियन हॉर्स्ली यांच्यासह, तर १९३७ व १९३८ मध्ये डायना डव्हटन यांच्यासह विजेतेपद मिळवले. एकेरीतील त्यांचे एकमेव ऑल इंग्लंड विजेतेपद १९३५ चे आहे. त्याच वर्षी मिश्र दुहेरीही त्यांनीच जिंकली होती.

दुसऱ्या महायुद्धामुळे १९४० ते १९४६ या काळात ऑल इंग्लंड स्पर्धा होऊ शकली नाही. १९४७ मध्ये ती पुन्हा सुरू झाली, तेव्हा महिला दुहेरीवर डेन्मार्कचे वर्चस्व होते. १९३९, १९४७ आणि १९४८ या लागोपाठच्या तिन्ही स्पर्धा डॅनिश जोड्यांनी जिंकल्या. १९४९ मध्ये क्वीनी ॲलन यांच्या साथीने उबेर यांनी ही मालिका खंडित केली. त्यांच्या पहिल्या महिला दुहेरी विजेतेपदाला तेव्हा १८ वर्षे झाली होती आणि त्यांनी वयाची चाळिशी ओलांडली होती. पुढील वर्षापासून हे विजेतेपद पुन्हा डेन्मार्ककडे गेले.

उबेर चषक

पुरुषांच्या सांघिक स्पर्धेसाठी सर जॉर्ज थॉमस यांनी दिलेल्या चषकाची पहिली स्पर्धा १९४८-४९ मध्ये झाली. महिलांसाठी मात्र अशी स्पर्धा नव्हती. याच दशकात भारतात क्रिकेटपटू दि. ब. देवधर यांच्या कन्या, पुण्याच्या देवधर भगिनी, राष्ट्रीय स्पर्धा गाजवत होत्या. परंतु त्यांच्यासारख्या खेळाडूंना देशाच्या संघातून उतरण्यासाठी जागतिक सांघिक स्पर्धा उपलब्ध नव्हती. १९५० मध्ये न्यूझीलंडच्या नॅन्सी फ्लेमिंग यांनी महिलांच्या स्पर्धेची कल्पना मांडली. ती लगेच प्रत्यक्षात आली नाही. १९५६ मध्ये उबेर यांनी दिलेल्या करंडकासह स्पर्धेला अधिकृत रूप मिळाले.

पहिली स्पर्धा १९५६-५७ मध्ये झाली व तीत ११ देश सहभागी झाले. इंग्लंडमधील लिथम सेंट ॲन्स येथे मार्च १९५७ मध्ये झालेल्या अंतिम लढतीत अमेरिकेने डेन्मार्कचा ६-१ असा पराभव केला. सुरुवातीच्या रचनेनुसार प्रत्येक लढतीत सात सामने असत: तीन एकेरीचे आणि चार दुहेरीचे. थॉमस चषकात त्या वेळी पाच एकेरी व चार दुहेरी सामने खेळवले जात. त्यामुळे महिलांच्या स्पर्धेत विजय प्रामुख्याने दुहेरीच्या जोड्यांवर अवलंबून असे. उबेर यांच्या हयातीत झालेल्या नऊ स्पर्धांपैकी जपानने पाच, अमेरिकेने तीन आणि इंडोनेशियाने एक जिंकली. १९६३ मध्ये अंतिम लढतीत पोहोचलेल्या इंग्लंडला अमेरिकेकडून ३-४ अशी हार पत्करावी लागली.

निधन व वारसा

३० एप्रिल, १९८३ रोजी उबेर यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षापासून उबेर चषक दर दोन वर्षांनी, थॉमस चषकासोबत खेळवला जाऊ लागला आणि सामन्यांची संख्या पाचवर आली. तीन एकेरी आणि दोन दुहेरी अशा या नव्या रचनेत दुहेरीचे पूर्वीचे पारडे हलके झाले. भारतीय महिला संघाने २०१४ मध्ये नवी दिल्ली येथे आणि २०१६ मध्ये चीनमधील कुनशान येथे या स्पर्धेच्या उपांत्य फेरीत मजल मारून कांस्यपदक मिळवले.