विश्लेषण : टोपलीभर स्ट्रॉबेरीच्या चित्राची किंमत २ कोटी ४० लाख युरो! कोण होते चित्रकार शार्दां?

रानस्ट्रॉबेरीची टोपली, पाण्याचा पेला, दोन पांढरी फुले, एक पीच आणि दोन चेरी. एवढाच ऐवज असलेले ३८ बाय ४६ सेंटीमीटरचे चित्र मार्च २०२२ मध्ये पॅरिसच्या लिलावात २ कोटी ४० लाख युरोंहून अधिक किमतीला गेले. ते देशाबाहेर जाऊ नये म्हणून फ्रान्स सरकारने त्याला राष्ट्रीय ठेवा ठरवले. २०२४ मध्ये लूव्र संग्रहालयाने ते मिळवले. त्यासाठी हजारो सामान्य नागरिकांनीही देणग्या दिल्या. १७६१ मधील या चित्राचे चित्रकार ज्याँ सिमेआँ शार्दां. मात्र त्यांच्या हयातीत अशी चित्रे सर्वांत खालच्या दर्जाची मानली जात.

सुरुवात कशी झाली?

शार्दां यांचा जन्म २ नोव्हेंबर १६९९ रोजी पॅरिसमध्ये झाला. वडील सुतार होते आणि बिलियर्डची टेबले बनवत. सप्टेंबर १७२८ मध्ये फ्रान्सच्या रॉयल अकादमीने शार्दां यांना सदस्य करून घेतले. त्यासाठी दिलेल्या चित्रांपैकी एकात पोट फाडून टांगलेला पाकट मासा आहे आणि शेजारी कालवांवर चढलेले मांजर. अकादमीत त्यांची नोंद झाली ती प्राणी आणि फळांचे चित्रकार अशी.

ही नोंद महत्त्वाची का?

अकादमीने चित्रांच्या विषयांची उतरंड ठरवली होती. सर्वांत वर धर्म, पुराण आणि इतिहासातील प्रसंग, तळाशी फळे आणि भांडी, म्हणजेच स्थिरचित्र. प्रसंग रंगवायला विद्वत्ता आणि कल्पनाशक्ती लागते, समोरची वस्तू तर नुसती उतरवायची असते, असा त्यामागचा तर्क. अकादमीत शिकवण्याची पदेही इतिहासचित्रकारांसाठीच राखीव होती.

शार्दां यांचे वेगळेपण काय?

ते कच्ची रेखाटने फारशी करत नसत. वस्तू समोर मांडून थेट कॅनव्हासवर रंगवत. तांब्याचे पिंप, खलबत्ता, चांदीचा पेला अशा घरातल्याच वस्तू त्यांच्या चित्रांत पुन्हा पुन्हा दिसतात. ते अतिशय सावकाश काम करत. सुमारे ५० वर्षांच्या कारकिर्दीत त्यांची चित्रे दोनशेच्या आसपासच भरतात. एका वस्तूचा रंग शेजारच्या वस्तूवर कसा पडतो, याकडे त्यांचे बारीक लक्ष असे. त्यामुळे जवळून जे रंगाचे जाड फटकारे वाटतात, तेच चार पावले मागे गेल्यावर फळ किंवा काच होतात. समीक्षक देनी दिदेरो यांनी याच गुणाचे भरभरून कौतुक केले.

१७३० च्या दशकात ते स्वयंपाकघरातील मोलकरणी आणि खेळणारी मुले रंगवू लागले. त्यातले एक चित्र १७४० मध्ये राजा पंधराव्या लुईला भेट देण्यात आले. पुढे ५०० लिव्हर वार्षिक मानधन, १७५७ मध्ये लूव्र राजवाड्यात घर आणि जवळपास वीस वर्षे अकादमीचे खजिनदारपद मिळाले. तरीही उतरंडीतली त्यांची पायरी बदलली नाही.

मुलासाठी वेगळी वाट का?

पहिली पत्नी १७३५ मध्ये वारली. मुलगा ज्याँ पिएर याला शार्दां यांनी इतिहासचित्रकार होण्यासाठी तयार केले. तळच्या पायरीवर नाव कमावलेल्या बापाला मुलगा मात्र वरच्या पायरीवर हवा होता. १७५४ मध्ये मुलाने अकादमीचा मानाचा पुरस्कार मिळवला आणि तो रोमला गेला. पण चित्रकार म्हणून तो उभा राहू शकला नाही. व्हेनिसमध्ये बुडून त्याचा मृत्यू झाल्याचे मानले जाते. आज त्याचे नाव निघते ते वडिलांच्या चरित्रातच.

अखेरची वर्षे कशी गेली?

उतारवयात शार्दां यांचे डोळे अधू झाले. तैलरंगांतील शिसे हे त्याचे कारण मानले जाते. सत्तरी ओलांडलेल्या शार्दां यांनी तैलरंग बाजूला ठेवून पेस्टल खडू हाती घेतले. १७७१ आणि १७७५ मधील त्यांची आत्मचित्रे प्रसिद्ध आहेत. पहिल्यात चष्मा आहे, दुसऱ्यात प्रकाश अडवणारी डोळ्यांवरची झापडही. ६ डिसेंबर १७७९ रोजी लूव्रमधील राहत्या घरी त्यांचे निधन झाले.

नंतर काही दशके त्यांचा विसर पडला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून मात्र त्यांचे मोल पुन्हा कळू लागले. सेझान आणि मातिस यांच्यासारखे चित्रकार त्यांच्याकडून शिकले, मातिसने तर त्या पाकटाच्या चित्राची नक्कल करून हात घडवला. अकादमीची ती उतरंड आता इतिहासजमा झाली आहे. स्ट्रॉबेरीची टोपली मात्र शार्दां जिथे राहिले, त्याच लूव्रमध्ये कायमची आली आहे.