चेकॉव्हची बाग

गेल्या पावसाळ्यात माझा दमा बळावला. मातीत हात घालू नका, असे डॉक्टरांनी बजावले आणि गॅलरीतला माझा मोगरा सुटला. मी रुसून बसले, तेव्हा मुलीने वाचनालयातून चेकॉव्हचे चरित्र आणून दिले.

भगिनींनो, हे रशियातले थोर कथालेखक १८६० सालचे, पेशाने डॉक्टर. १८८४ मध्येच खोकल्यातून रक्त पडले, पण कितीतरी वर्षे छाती कुणाला तपासू दिली नाही. डॉक्टर झाले तरी पुरुषच ना! १८९७ मध्ये फार रक्त गेले, तेव्हा क्षय ठरला. त्या काळी क्षयावर औषध नव्हते. उबदार हवेसाठी त्यांनी काळ्या समुद्राकाठी याल्टाला घर बांधले. जमीन खडकाळ, उतरणीची. तिथे खोकत खोकत त्यांनी गुलाब नि फळझाडे लावली, गुलाबांची छाटणी स्वतः केली. अंगणात कुत्री होती, माळ्यामागे हिंडणारा एक पाळीव क्रौंचही होता. १९०४ मध्ये ते गेले, अवघे ४४ वर्षांचे, माझ्याच वयाचे. ते घर बहीण मारियाने १९५७ पर्यंत, स्वतः जाईपर्यंत सांभाळले.

आता माती धाकटी कालवते. मी नाकाला पदर लावून दुरून पाणी तेवढे घालते.