मोळी उचलून देणारा श्याम

साने गुरुजी, म्हणजे पांडुरंग सदाशिव साने, यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणातील पालगड येथे झाला. अमळनेरच्या शाळेतील सहा वर्षांचे अध्यापन सोडून १९३० साली त्यांनी सत्याग्रहात उडी घेतली. ‘श्यामची आई’ त्यांनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली. त्यातील एक कथा आम्हांस विशेष प्रिय आहे. अस्पृश्य गणलेल्या एका वृद्धेच्या डोक्यावरील मोळी खाली पडते. ती पुन्हा चढवून देण्यास कोणी नाही. श्याम लोकनिंदेस भितो, तरी आई त्यालाच पाठविते. मात्र परत आल्यावर स्नान करावयासही सांगते. हा तपशील गुरुजींनी झाकला नाही, हे आम्हांस मोलाचे वाटते. हाच श्याम मे १९४७ मध्ये विठ्ठलमंदिर दलितांस खुले व्हावे म्हणून पंढरपुरी उपोषणास बसला, आणि दार उघडले. त्रिचनापल्लीच्या तुरुंगात ते तमिळ शिकले होते. आंतरभारतीच्या कल्पनेचे बीज तेथलेच. ११ जून १९५० रोजी त्यांनी स्वतःच जीवनयात्रा संपविली.

आमच्या बालवर्गात ही कथा दरवर्षी वाचली जाते. शेजारची अमराठी मुलेही येऊन बसतात. ‘मोळी’ म्हणजे काय, हे मात्र आमच्याच मुलांना हातवारे करून सांगावे लागते.