गांधीजींचे स्नेही कॅलनबॅक

वर्ध्याहून पाच मैलांवर सेगाव नावाचे एक लहानसे खेडे होते. १९३६ च्या एप्रिलअखेरीस गांधीजी तेथे राहावयास गेले. शेगावशी नाव जुळत असल्यामुळे टपालाचा नेहमी घोटाळा होई, म्हणून १९४० साली या खेड्याचे नाव सेवाग्राम असे ठेवण्यात आले. सेगावातील त्या मातीच्या झोपड्यांत १९३७ च्या पावसाळ्याच्या तोंडावर एक परदेशी पाहुणा येऊन राहिला. वय सहासष्ट वर्षांचे, बांधा बळकट, आणि अंगावर खादीचे धोतर. पाहुणा खरा, पण तो आश्रमाच्या दिनक्रमात पहिल्याच दिवशी मिसळून गेला. कारण त्याने असा आश्रम पूर्वी स्वतः उभारला होता. त्याचे नाव हर्मन कॅलनबॅक.

कॅलनबॅक यांचा जन्म १८७१ साली लिथुएनियात एका ज्यू कुटुंबात झाला. जर्मनीत वास्तुशिल्पाचे शिक्षण घेऊन १८९६ साली ते दक्षिण आफ्रिकेत गेले. जोहान्सबर्ग शहर तेव्हा सोन्याच्या खाणींमुळे झपाट्याने वाढत होते. घरे बांधणाऱ्यास तेथे कामाला तोटा नव्हता. त्यांनी पुष्कळ पैसा मिळविला आणि तो मोकळ्या हाताने खर्चही केला. गांधीजींची गाठ पडल्यावर मात्र त्यांच्या राहणीत फार पालट झाला. खर्च एकदशांशावर आला, आहार साधा झाला, आणि काही काळ तर दोघे एकाच घरात राहू लागले.

सत्याग्रहींची कुटुंबे निराधार होऊ नयेत म्हणून १९१० साली कॅलनबॅक यांनी जोहान्सबर्गपासून एकवीस मैलांवरील आपली अकराशे एकर जमीन भाडे न घेता गांधीजींच्या स्वाधीन केली. हेच टॉल्स्टॉय फार्म. तेथे हिंदू, मुसलमान, पारशी व ख्रिस्ती एकत्र नांदत. कॅलनबॅक चपला करावयास शिकून आले आणि त्यांनी ती विद्या गांधीजींना शिकविली. त्या माळावर साप पुष्कळ. कॅलनबॅक यांनी सापांची पुस्तके मिळविली, आश्रमीयांस सर्पांच्या जाती ओळखावयास शिकविले, आणि एक मोठा नाग पिंजऱ्यात ठेवून त्यास ते हाताने खाऊ घालू लागले. आपली मैत्री खरी असली तरी बंदिवान नागाला ती कशी उमगावी, अशी शंका गांधीजींनी काढली. पिंजरा आहे तोवर प्रेमाची परीक्षा कशी व्हावी, हा प्रश्न कॅलनबॅक यांनाही पटला. पुढे एके दिवशी पिंजरा रिकामा आढळला आणि प्रश्न तेथेच राहिला.

१९१३ च्या मोठ्या लढ्यात त्यांस तीन महिन्यांची शिक्षा झाली. दुसऱ्या वर्षी दोघे मित्र विलायतेस निघाले. तेथून कॅलनबॅक हिंदुस्थानात येणार होते. बोटीवर त्यांच्या भारी किमतीच्या दुर्बिणीवरून रोज वाद होई. शेवटी वादाचे मूळच नको म्हणून दोघांनी मिळून ती समुद्रात फेकली! पण इंग्लंडचा किनारा येण्यापूर्वीच महायुद्ध पेटले होते. जर्मन प्रजाजन म्हणून कॅलनबॅक यांस इंग्रजांनी नजरकैदेत ठेविले. गांधीजी त्यांच्याविनाच मायदेशी परतले. दोघांची पुन्हा भेट व्हावयास तेवीस वर्षे लागली.

तेवीस वर्षांनी ते आले, ते केवळ मित्रभेटीस नव्हे. जर्मनीत हिटलरची सत्ता आल्यापासून ज्यूंचा अतोनात छळ होत होता. आश्रयासाठी ते पॅलेस्टाईनकडे धाव घेत. तो प्रदेश तेव्हा इंग्रजांच्या ताब्यात होता, आणि तेथे पिढ्यान्‌पिढ्या नांदणाऱ्या अरबांस आपली भूमी हातची जाईल अशी धास्ती वाटत होती. १९३६ साली अरबांनी उठाव केला. अशा वेळी गांधीजींचा पाठिंबा मिळविण्यासाठी ज्यू संस्थेचे एक पुढारी मोशे शेर्टोक यांनी कॅलनबॅक यांस हाताशी धरिले. कॅलनबॅक आधी पॅलेस्टाईन पाहून आले होते. तेथे आपल्या बांधवांनी सामुदायिक श्रमाने फुलविलेली शेते पाहून त्यांस टॉल्स्टॉय फार्मची आठवण झाली असल्यास नवल नाही.

गांधीजींनी सर्व ऐकून घेतले. ज्यूंच्या दुःखाविषयी त्यांस मनापासून कळवळा होता; पण इंग्रजांच्या बंदुकीच्या छायेत मिळणारे घर त्यांस मान्य नव्हते. ज्यूंनी शस्त्राचा आधार सोडून अरबांच्या सदिच्छेवर विसंबावे, असे त्यांनी जुलैमध्ये कॅलनबॅक यांस लिहून दिले, आणि दोन्ही समाजांत सलोखा होत असेल तर मध्यस्थीस मदत करण्याची तयारीही दाखविली. कॅलनबॅक यांनी हे पुढारी वाइझमन यांस कळविले. त्याच महिन्यात इंग्रजांच्या पील आयोगाने पॅलेस्टाईनची फाळणी सुचविली. सेगावची मध्यस्थी पुढे सरकली नाही.

१९३८ च्या नोव्हेंबरात जर्मनीत ज्यूंची प्रार्थनामंदिरे जाळण्यात आली. त्यानंतर थोड्याच दिवसांत गांधीजींनी सेगावात बसून या प्रश्नावर जाहीर लेख लिहिला. पॅलेस्टाईन अरबांचे आहे, ज्यूंनी त्यांचे मन जिंकावे, आणि जर्मनीतील ज्यूंनी सत्याग्रह करावा, असे त्यात मांडले होते. अरबांनीही अहिंसेचा मार्ग धरला असता तर बरे झाले असते, असेही त्यांनी नमूद केले. हा लेख ज्यूंच्या जिव्हारी लागला. जेरुसलेमहून मार्टिन बूबर व ज्यूडा मॅग्नेस यांनी १९३९ च्या फेब्रुवारीत गांधीजींस पत्रे लिहिली. हे दोघे अरबांशी समेट व्हावा म्हणून झटणारे गृहस्थ. म्हणून त्यांची वेदना अधिक खरी मानावी लागते. हिटलरसारख्यापुढे निःशस्त्र बलिदान कोण पाहणार, अशी त्यांची शंका होती, आणि पुढील सहा वर्षांत सुमारे साठ लक्ष ज्यूंचा संहार झाला हे ध्यानात घेता ती कोणासही उडवून लावता येणार नाही.

याच सुमारास कॅलनबॅक पुन्हा गांधीजींजवळ येऊन राहिले होते. अहिंसेवर त्यांचा विश्वास होता, परंतु हिटलरसाठी प्रार्थना करणे त्यांस शक्य होईना. त्यांचा संताप अनावर होई. गांधीजींनी हे आपल्या पत्रात नाव न घालता प्रांजळपणे लिहिले, आणि मित्राच्या रागाशी आपले भांडण नाही असेही सांगितले. एकाचे मत दुसऱ्यास पटले नाही. स्नेह मात्र तसूभर उणा झाला नाही. त्या मुक्कामात कॅलनबॅक हिवतापाने आजारी पडले, तेव्हा गांधीजींनी त्यांची शुश्रूषा केली.

२५ मार्च १९४५ रोजी जोहान्सबर्ग येथे कॅलनबॅक यांचे देहावसान झाले. तीन वर्षांनी इस्राएल राज्य स्थापन झाले, युद्ध भडकले, आणि सुमारे सात लक्ष पॅलेस्टिनी अरब बेघर झाले. त्यानंतर वाटाघाटी अनेक झाल्या, १९९३ साली दोन्ही बाजूंच्या पुढाऱ्यांनी वॉशिंग्टन येथे हस्तांदोलनही केले. पण दोन्ही समाजांच्या मनातील भीती काही गेली नाही.

कॅलनबॅक यांची रक्षा पुढे गॅलिलीच्या सरोवराकाठी डेगानिया या वसाहतीत नेण्यात आली. ही तेथील पहिली सामुदायिक शेतवसाहत. तिची स्थापना १९१० सालची, म्हणजे टॉल्स्टॉय फार्मच्याच वर्षाची.