वसईचा गोन्सालो आणि त्याचे संसारी सोबती

मैत्रिणींनो, जानेवारी २०२० मध्ये आपल्या उस्मानाबादला, म्हणजे आताच्या धाराशिवला, ९३ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं, ते आठवतं ना? अध्यक्ष होते फादर फ्रान्सिस दिब्रिटो. चर्चचे फादर आणि मराठीचे संमेलनाध्यक्ष, हे कसं काय, म्हणून तेव्हा काहींनी नाकं मुरडली होती. पण वसईकडचे ख्रिस्ती लोक घरात मराठीच बोलतात, त्यांच्या बोलीत लग्नातली गाणी आहेत, हे आपल्याला इकडे तेरखेड्यात बसून कुठलं माहीत असायला! दिब्रिटो जुलै २०२४ मध्ये गेले. त्यांच्यामुळे मी वसईबद्दल मिळेल ते वाचत गेले आणि त्यात मला गोन्सालो गार्सिया सापडला. भारतात जन्मलेला आणि कॅथलिक चर्चने संत म्हणून जाहीर केलेला हा पहिला माणूस. दर ५ फेब्रुवारीला त्याचा स्मृतिदिन येतो. पण मला तो संत आहे म्हणून आवडला असं नाही. तो आयुष्यभर दाराशी उभा राहिलेला माणूस आहे, म्हणून आवडला.

गोन्सालोचा जन्म साधारण १५५७ सालचा, वसईचा. वसई १५३४ पासून पोर्तुगीजांच्या ताब्यात होती. चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला तो पार पुढे, १७३९ मध्ये. गोन्सालोचे वडील पोर्तुगीज आणि आई इथलीच. किल्ल्यात जेझुइट म्हणजे येशूसंघाच्या फादरांची शाळा होती, तिथं तो शिकला. पोरगा हुशार, फादरांच्या मागं मागं फिरणारा. पंधरा-सोळा वर्षांचा असताना तो त्यांच्याबरोबर जहाजात बसून थेट जपानला गेला. आपली मुलं या वयात दहावीला असतात, एस.टी.नं लातूरला एकटं पाठवायचं तरी जीव वरखाली होतो. त्या आईनं काय केलं असेल, देव जाणे. मुलगा परत वसईला आलाच नाही.

जपानी भाषा त्यानं इतकी आत्मसात केली की तिथल्या लोकांना तो आपलाच वाटू लागला. आठ वर्षं तो जेझुइटांचा मदतनीस होता. मुलं गोळा करायची, धर्माची शिकवण द्यायची, फादरांचं बोलणं जपानीत सांगायचं. घरातली थोरली सून जशी सगळं करते पण किल्ल्या काही तिच्या कमरेला येत नाहीत, तसंच हे. त्याला संघात रीतसर सामील व्हायचं होतं. त्यानं पुन्हा पुन्हा विचारलं. ते काही झालं नाही. त्या काळी देशी किंवा मिश्र रक्ताच्या मुलांना संघात घ्यायला युरोपातले वरिष्ठ सहसा राजी नसत. यापुढचं आपण बायकांनी ओळखावं.

शेवटी तो तिथून निघाला आणि व्यापारात पडला. भाषा येत होती, माणसं ओळखीची होती, धंदा चांगला चालला. दुसरा कुणी असता तर बंगला बांधून बसला असता. गोन्सालो मात्र फिरत फिरत फिलिपिन्समध्ये मनिलाला पोचला, तिथं फ्रान्सिस्कन संघाचे फादर त्याला भेटले आणि तिशीच्या आसपास तो त्यांच्यात सामील झाला. फादर म्हणून नाही बरं का, ब्रदर म्हणून. ब्रदर म्हणजे व्रत घेतलेला, पण धर्मगुरूची दीक्षा नसलेला. मिस्सा करण्याचा अधिकार नाही, काम मात्र पडेल ते.

इथं थोडं थांबून हा संघ काय आहे ते सांगते, नाहीतर पुढची गोष्ट कळायची नाही. इटलीतल्या असिसी गावच्या संत फ्रान्सिसनं हा संघ काढला. तो कापडाच्या श्रीमंत व्यापाऱ्याचा मुलगा, सगळं सोडून भणंग झाला आणि १२२६ मध्ये वारला. त्याच्या मागं आले ते पुरुष म्हणजे पहिला संघ. क्लारा नावाच्या मुलीनं घर सोडून बायकांचा मठ उभा केला, तो दुसरा. मग गावोगावचे संसारी लोक त्याच्याकडे येऊ लागले. नवरा-बायको, पोरंबाळं, दुकान, शेती सगळं असलेले. सगळ्यांनीच घर सोडलं तर शेतं कोण करणार? म्हणून त्यांच्यासाठी तिसरा संघ झाला. घरातच राहायचं, धंदा करायचा, पण नेम घ्यायचा: साधेपणानं राहायचं, ठरलेली प्रार्थना आणि उपवास करायचे, भांडणतंट्यात पडायचं नाही, गरिबांना मदत करायची.

आपल्याकडच्या बाईला हे समजवायला दोन मिनिटंसुद्धा लागत नाहीत. आपल्या घरातले माळकरी कोण असतात? तुळशीची माळ घातली की मांसमच्छर बंद, एकादशी धरायची, वारी चुकवायची नाही, आणि तरी सकाळी उठून शेण काढायचं, म्हशीची धार काढायची. आपल्याच जिल्ह्यातल्या तेरचे गोरोबा काका मडकी घडवता घडवताच संत झाले ना! देव वेगळा, रीत वेगळी, पण संसार न मोडता वाट धरायची ओढ तीच. तिसऱ्या संघात आजही लगेच घेत नाहीत. निदान वर्षभर शिकवणीचं, मग वचन द्यायचं, आणि त्या गावच्या मंडळाबरोबर नेमानं जमायचं.

तर १५९३ मध्ये मनिलाच्या स्पॅनिश गव्हर्नरनं फादर पेद्रो बाप्तिस्ता यांना वकील म्हणून जपानला धाडलं आणि दुभाष्या म्हणून बरोबर गेला गोन्सालो. समोर बसलेला तोयोतोमी हिदेयोशी सगळ्या जपानचा धनी. त्यानं १५८७ मध्येच परदेशी धर्मप्रचारकांना देशाबाहेर जाण्याचा हुकूम काढलेला. अशा माणसापुढं एकाचं बोलणं दुसऱ्याच्या भाषेत सांगायचं, म्हणजे शब्द चुकला तर मान जायची. गोन्सालोनं ते निभावलं. हिदेयोशीनं त्यांना राहू दिलं, क्योटोत जागा मिळाली, तिथं चर्च झालं आणि गोरगरिबांसाठी, महारोग्यांसाठी दवाखाने झाले.

हे दवाखाने चालवले कुणी? पाच-सहा परदेशी माणसांच्या हातून थोडंच होणार होतं ते. हात लावले तिथल्या जपानी संसारी लोकांनी. कोणी तलवारींना धार लावणारा, कोणी वैद्य, कोणी स्वयंपाकी. मिगेल कोझाकी नावाचा धनुष्यबाण करणारा कारागीर होता, तो आपल्या चौदा वर्षांच्या मुलाला, तोमासला घेऊन यायचा. हे सगळे त्या तिसऱ्या संघातले, किंवा त्याच्या अवतीभवतीचे. आमच्या तेरखेड्यातल्या फटाक्यांच्या कामाला रोजंदारीवर जाणाऱ्या बायका बघते तेव्हा मला हे लोक जवळचे वाटतात. हातात रोजचं जोखमीचं काम आणि तरी शेजारी आजारी पडला की पहिल्या धावणार त्याच. महारोग्याच्या जखमा धुवायच्या म्हणजे तेव्हा साधी गोष्ट नव्हती, घरचेसुद्धा जवळ घेत नसत.

१५९६ च्या ऑक्टोबरात सगळं फिरलं. मनिलाहून मेक्सिकोकडे निघालेलं सान फेलिपे नावाचं मालानं भरलेलं स्पॅनिश जहाज वादळात सापडून जपानच्या किनाऱ्याला फुटलं. माल जप्त झाला. असं सांगतात की जहाजाच्या सुकाणूवाल्यानं राजाची बढाई मारली, आधी पाद्री जातात आणि मागून फौज येते असा अर्थ हिदेयोशीच्या कानावर गेला. खरं-खोटं काही असो, डिसेंबरात क्योटो आणि ओसाकात धरपकड झाली. यादीत मातियास नावाचा एकजण होता, तो घरी सापडला नाही. तेव्हा त्याच नावाचा शेजारी पुढं आला आणि मातियास मीही आहे म्हणत त्याच्या जागी गेला, अशी हकिकत आहे.

चोवीस जणांच्या डाव्या कानाचा तुकडा कापून त्यांना गाड्यांतून शहरभर फिरवलं. मग जानेवारीच्या कडाक्यात नागासाकीपर्यंतचा महिनाभराचा प्रवास, बराचसा पायी. वाटेत त्यांची सेवा करायला आलेल्या दोघांनाही पहारेकऱ्यांनी धरलं. झाले सव्वीस: सहा फ्रान्सिस्कन, तीन जपानी जेझुइट आणि सतरा संसारी माणसं. त्यात बारा वर्षांचा लुइस होता. धर्म सोड, तुला वाचवतो, असं अधिकाऱ्यानं सांगूनही तो ऐकला नाही म्हणतात.

वाटेत एका मुक्कामी तोमासनं आईला पत्र लिहिलं. आमची काळजी करू नकोस आणि धाकट्या भावांना सांभाळ, असा त्याचा आशय. ते पत्र आईपर्यंत जायचं राहिलं. नंतर बापाच्या प्रेताच्या कपड्यात ते रक्तानं माखलेलं सापडलं. खरं सांगू, इथं मला भक्तीपेक्षा त्या बाईचाच विचार येतो. नवरा गेला, थोरला गेला, पदरात लहान पोरं. संघात जायचं ठरलं तेव्हा तिला कुणी विचारलं होतं का? की तीही त्यातलीच होती आणि जखमा धुवायला तीही जात होती? इतिहासानं पुरुषांची नावं नीट लिहून ठेवली आहेत, एवढंच म्हणते.

५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर सव्वीस क्रूस उभे केले. खिळे नाही मारले, कड्या-दोऱ्यांनी बांधलं आणि भाल्यांनी भोसकलं. पहिल्यांदा क्रूसावर चढवला गेला तो गोन्सालो, असं सांगतात. चाळिशीचा होता. ज्यांच्या दाराशी तो आठ वर्षं उभा राहिला त्या जेझुइटांपैकी तिघे त्याच रांगेत होते. तिथं मग पहिला संघ, तिसरा संघ, फादर, ब्रदर, कुणाला काय विचारायचं राहिलं?

१६२७ मध्ये चर्चनं सव्वीस जणांना धन्य ठरवलं आणि ८ जून १८६२ ला नवव्या पोप पायस यांनी संत जाहीर केलं. वसई भागात गास गावी गोन्सालोच्या नावाचं चर्च आहे, वसईला त्याच्या नावाचं कॉलेजही आहे. नागासाकीच्या त्या टेकडीवर १९६२ मध्ये स्मारक झालं. त्यावर सव्वीस ब्राँझचे पुतळे एका ओळीत आहेत, आपला वसईकर आणि ती लहान पोरंही त्यात.

मला सगळ्यात विशेष वाटली ती त्यानंतरची हकिकत. पुढं जपानात ख्रिस्ती धर्मावर पूर्ण बंदी आली. एकही फादर उरला नाही. अडीचशे वर्षं हा धर्म राहिला तो संसारी लोकांच्या घरात. बाप्तिस्मा त्यांनीच द्यायचा, प्रार्थना तोंडपाठ करून मुलांना शिकवायच्या, मरियेची मूर्ती बौद्ध देवी कान्नोनसारखी घडवून फडताळात ठेवायची. मग देश परदेशी लोकांना खुला झाला आणि फ्रेंच फादरांनी नागासाकीत ओउरा इथं, याच सव्वीस जणांच्या नावानं चर्च बांधलं. १७ मार्च १८६५ ला जवळच्या उराकामी गावची पंधराएक माणसं तिथं आली. त्यांच्यातल्या एका बाईनं फादर पेतिजाँ यांच्याजवळ जाऊन हळूच सांगितलं की आमचं आणि तुमचं मन एकच आहे, आणि मरियेची मूर्ती कुठं आहे ते विचारलं. बंदी तेव्हाही होतीच. पुढच्या काही वर्षांत सरकारनं उराकामीच्या तीन हजारांवर माणसांना घरादारातून उचलून दूर दूर पांगवलं, त्यात कित्येक मेले. १८७३ मध्ये बंदी उठली, तेव्हा वाचलेली घरं परत उराकामीला आली.