स्वायत्तता कुणासाठी? एमिलिओ लुसू यांचा लढा

न्यायालयाने निर्दोष सोडलेल्या माणसाला सरकार पुन्हा कोंडून ठेवू शकते काय? कायद्याच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थी ठामपणे नाही म्हणेल. आम्ही वकिली करतो, स्थानबद्धतेचे हुकूम आम्ही वाचले आहेत, म्हणून आम्ही तसे म्हणणार नाही. १९२७ साली इटलीत एका वकिलाच्या वाट्याला नेमके हेच आले. त्यांचे नाव एमिलिओ लुसू. सार्डिनिया बेटाच्या स्वायत्ततेसाठी त्यांनी अख्खी हयात घालवली.

या बेटाची गोष्ट मोठी विचित्र आहे. ज्या राज्याने पुढे इटली एक केली, त्याचे नावच सार्डिनियाचे राज्य होते. पण राजा आणि दरबार मुख्य भूमीवर, तुरीनला. बेटाच्या वाट्याला फक्त नाव आले. १८२० च्या फर्मानाने उघड्या रानाला कुंपण घालण्याची मुभा दिली आणि ज्याची कुंपण घालण्याची ऐपत, त्याची जमीन झाली. मेंढपाळ बाहेर राहिले. १८४७ मध्ये बेटाच्या स्वतःच्या संस्थाही मोडीत निघाल्या, आणि तशी मागणी घेऊन राजाकडे कोण गेले होते? बेटावरचेच उमराव आणि शहरी प्रतिष्ठित! प्रस्थापित सगळीकडे सारखेच.

लुसू यांचा जन्म ४ डिसेंबर १८९० रोजी आर्मुंजिया या डोंगरातल्या गावी झाला. घर खाऊनपिऊन सुखी होते. कालियारीला त्यांनी कायद्याची पदवी घेतली. पहिल्या महायुद्धात ते सास्सारी ब्रिगेडमध्ये अधिकारी होते. या पलटणीतले जवान बहुतेक सार्डिनियाचे शेतकरी, मेंढपाळ आणि खाणकामगार. ज्या देशाने त्यांना शाळा दिली नाही, त्याच देशासाठी खंदकात मरण्याचा हुकूम त्यांना मिळत होता. पलटणीतून परतलेला माणूस गावच्या पायरीशी पूर्वीसारखा बसत नाही, हे आपल्या वाचकांना आम्ही काय सांगावे! युद्ध संपल्यावर याच माजी सैनिकांच्या चळवळीतून १९२१ साली सार्डिनियन कृती पक्ष उभा राहिला. त्याच वर्षी लुसू संसदेत निवडून गेले.

पुढे मुसोलिनी आला. त्याने या पक्षाला आधी चिरडण्याऐवजी गिळायचे ठरविले. बेटावर आपला माणूस नेमला, विकासाची आणि पैशाची आश्वासने दिली. पक्षाचे अनेक पुढारी फॅसिस्टांना जाऊन मिळाले. लुसू स्वतःही सुरुवातीला त्या बोलणीत होते. हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पण ते वेळीच मागे फिरले.

३१ ऑक्टोबर १९२६ च्या रात्री कालियारीतील त्यांच्या घरावर फॅसिस्टांचा जमाव चालून आला. घरात चढू पाहणाऱ्या एकावर लुसू यांनी गोळी झाडली, तो ठार झाला. वर्षभर तुरुंगात काढल्यावर न्यायालयाने स्वसंरक्षणाचा हक्क मान्य करून त्यांना सोडले. सरकारने मात्र प्रशासकीय हुकुमाने पाच वर्षांची स्थानबद्धता ठोठावून त्यांना लिपारी बेटावर धाडले. तेथून जुलै १९२९ मध्ये कार्लो रोसेली आणि फाउस्तो नित्ती या दोन सोबत्यांसह ते मोटारबोटीने निसटले आणि ट्युनिशियामार्गे पॅरिसला पोहोचले. निर्वासितपणात, आजारपणात त्यांनी युद्धाच्या अनुभवावर लिहिलेले पुस्तक १९३८ साली प्रसिद्ध झाले.

खरी परीक्षा फॅसिझम पडल्यावर झाली. सिसिलीत फुटीरतावाद्यांनी शस्त्रे उचलली होती, म्हणून रोमने घाई करून मे १९४६ मध्ये सिसिलीला स्वायत्ततेचा कायदा दिला. तो कायदा वकिलाच्या नजरेने वाचण्यासारखा आहे. राज्य आणि प्रदेश यांच्यात तंटा झाला तर त्यासाठी वेगळे उच्च न्यायालय, आणि त्यातील निम्मे न्यायाधीश बेटाच्या विधिमंडळाने निवडायचे! लुसू यांचे म्हणणे साधे होते. हाच कायदा आत्ताच सार्डिनियाला लागू करून घ्या. बेटाच्या सल्लागार मंडळाने ते फेटाळले. आमचा मसुदा आम्हीच करू, असा त्यांचा बाणा. मसुदा करण्यात वेळ गेला, दिल्लीत आपली घटना समिती बसली होती त्याच काळात रोमची घटना समिती आपले काम आटोपत आली, आणि अगदी शेवटच्या दिवशी, ३१ जानेवारी १९४८ रोजी, सार्डिनियाचा कायदा घाईने मंजूर झाला. त्यात ते न्यायालय नव्हते. बेटाच्या विधिमंडळाने केलेला कायदा रोमचे सरकार परत पाठवू शकत होते. संघराज्याची मागणी करणारे लुसू त्याच सभागृहात बसून हे पाहत होते.

त्याच वर्षी त्यांनी स्वतः उभा केलेला पक्ष सोडला. बाबासाहेबांनी मजबूत केंद्राचा आग्रह धरला आणि गावगाड्याच्या हाती सत्ता देण्यास विरोध केला, त्यामागे गावातला जमीनदार त्यांना दिसत होता. लुसू संघराज्यवादी असले तरी हा प्रश्न त्यांनाही चुकला नाही. सत्ता रोमहून कालियारीला आली आणि तिथल्या धनिकाच्या घरी मुक्कामाला राहिली, तर मेंढपाळाला काय मिळाले? पक्षाला समाजवाद नको होता, लुसू यांना तो हवा होता. त्यांनी वेगळा पक्ष काढला आणि १९४९ मध्ये तो समाजवादी पक्षात विलीन केला.

कायद्याच्या कलम १३ मध्ये बेटाच्या आर्थिक व सामाजिक उत्थानाची योजना राज्याने करावी, असे लिहिले होते. त्यासाठीचा कायदा यायला १९६२ साल उजाडले. पैसा आला तो पोर्तो तोर्रेस येथील रसायनांच्या मोठ्या कारखान्यांत गेला. डोंगरातली माणसे बोचके बांधून उत्तर इटलीत आणि जर्मनीत मजुरीला गेली.

लुसू यांचे ५ मार्च १९७५ रोजी रोममध्ये निधन झाले. त्यांनी मागितलेले सिसिलीचे ते वेगळे न्यायालय त्यांच्या हयातीतच, १९५७ साली, घटनात्मक न्यायालयाच्या निकालाने बंद पडले होते. सार्डिनियाचा १९४८ चा कायदा काही दुरुस्त्यांसह आजही लागू आहे, आणि कलम १३ त्यात आहे.