यशवंत घाडगे

नाईक यशवंत घाडगे (१६ नोव्हेंबर १९२१ – १० जुलै १९४४) हे दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर धारातीर्थी पडलेले मराठी सैनिक होत. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिश साम्राज्यातील सर्वोच्च शौर्यपदक देण्यात आले. त्यांचा जन्म तत्कालीन कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यातील माणगाव तालुक्यात पळसगाव येथे झाला.

घाडगे पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये होते. या रेजिमेंटचा आरंभ १७६८ मध्ये मुंबईत उभारलेल्या शिपाई पलटणीपासून मानला जातो. सह्याद्रीच्या दोन्ही अंगांच्या, म्हणजे मावळ व कोकणातील, डोंगराळ मुलखातून तिची मोठी भरती होत असे. चढणीची सवय असलेल्या या पायदळाला ‘लाइट इन्फन्ट्री’ हे बिरुद शोभून दिसते. मात्र ते आपसूक मिळालेले नाही. १८६७-६८ च्या अबिसीनिया मोहिमेतील कामगिरीबद्दल मुंबई सैन्याच्या तिसऱ्या व दहाव्या पलटणींना ते बहाल झाले. घाडगे यांची बटालियन याच दहाव्या पलटणीची वारस होती. जुन्नरच्या शिवनेरीवर जन्मलेल्या शिवछत्रपतींचा जयजयकार हीच रेजिमेंटची युद्धघोषणा आहे.

१९४४ च्या उन्हाळ्यात ही बटालियन दहाव्या भारतीय डिव्हिजनबरोबर टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यातून उत्तरेकडे सरकत होती. १० जुलै रोजी घाडगे यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला. त्यांच्याखेरीज तुकडीतील सर्व जण ठार किंवा जखमी झाले. सोबतीला कोणी उरले नसताना घाडगे थेट त्या ठाण्यावर धावून गेले. त्यांनी हातबॉम्ब फेकून मशीनगन व ती चालवणारा सैनिक निकामी केला आणि दुसऱ्याला टॉमीगनने टिपले. गोळ्यांची नवी पेटी चढवायला उसंत नव्हती, तेव्हा बंदूक नळीकडून धरून तिच्या दस्त्याच्या घावांनी त्यांनी उरलेल्या दोघांना ठार केले. ठाणे हाती आले, परंतु लपून बसलेल्या शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्या त्यांच्या छातीत व पाठीत लागल्या. जिंकलेल्या त्याच ठाण्यात त्यांनी प्राण सोडला. त्या वेळी त्यांचे वय अवघे बावीस वर्षांचे होते.

पदकाची घोषणा २ नोव्हेंबर १९४४ च्या राजपत्रात झाली. पुढे दिल्लीत व्हाइसरॉय लॉर्ड वेव्हेल यांच्या हस्ते ते त्यांच्या पत्नीने स्वीकारले. एप्रिल १९४५ मध्ये इटलीतच रेजिमेंटच्या पहिल्या बटालियनचे नामदेव जाधव यांनी हेच पदक मिळवले. जाधव मात्र युद्धातून सुखरूप परतले.

घाडगे यांची बटालियन महायुद्धानंतर छत्रीधारी झाली आणि १९५२ पासून पॅराशूट रेजिमेंटची दुसरी बटालियन (मराठा) म्हणून ओळखली जाऊ लागली. डिसेंबर १९७१ मध्ये बांगलादेशातील टांगाइल येथे उतरली ती हीच.

माणगाव येथे घाडगे यांचा पुतळा आहे. इटलीतील कॅसिनो स्मारकावर त्यांचे नाव कोरलेले असून, जुलै २०२३ मध्ये पेरुजाजवळील मोंतोने या गावी त्यांच्या नावाने छायाघड्याळाच्या रूपातील स्मारक उभारण्यात आले.